घाट उतरताना फोन वाजला तर? सायकलवाल्यांनो, या चुका टाळा

सकाळी साताऱ्यातल्या समर्थ मंदिरावरून यवतेश्वरच्या घाटात चढताना फोन वाजला तर फारसं बिघडत नाही, वेग कमीच असतो. धोका परतीच्या उतारावर. ताशी ४० च्या वेगाने सायकल सेकंदाला ११ मीटर जाते. खिशातून फोन काढून नाव वाचेपर्यंत तीन सेकंद गेले, तर ३० मीटरहून जास्त रस्ता न बघताच संपला. या घाटात तेवढ्यात वळण येतं. शिवाय एक हात सुटलेला, म्हणजे एकच ब्रेक हाताशी. तो पुढचा असला आणि घाबरून करकचून दाबला, तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

‘फक्त कुणाचा आहे ते बघतो’ ही सगळ्यात मोठी चूक, आणि तिचा बंदोबस्त घरातून निघतानाच करायचा. उशीर झाला की घरचे काळजीनेच फोन करतात. उचलला नाही की पुन्हा करतात. म्हणून निघण्यापूर्वी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवा. पुढे कास पठारापर्यंत जाऊन यायचं असेल तर एक तासाचा पर्याय पुरत नाही, सरळ ८ तासांचा निवडा. मग फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका. घरात कुणी आजारी आहे म्हणून अनेकजण हे करत नाहीत, आणि ती काळजी रास्तच आहे. पण त्यातही निवडक नंबरांना मुभा देता येते. घरचे एक-दोन नंबर तेवढे ठेवा. आता रिंग वाजलीच तर कामाचीच असेल, तेव्हा थांबा.

थांबायचं तेही वळणावर एक पाय टेकवून नाही. मागून येणाऱ्या एसटीला तुम्ही ऐनवेळी दिसता. वळण पार करा, डांबर सोडून खाली उतरा, मग बोला.

इअरफोन एका कानातही नको. ऊसतोडीच्या हंगामात शेंद्रेच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून सायकल उजवीकडे घेतली, तर मागची ट्रॉली अजून शेजारीच असते. तिचा खडखडाट ऐकू यायलाच हवा.

हँडलवरच्या होल्डरमध्ये मॅप लावत असाल तर पोवई नाक्याला पोहोचण्याआधीच कोणता रस्ता धरायचा ते पाहून ठेवा. चुकलात तर चौक ओलांडून कडेला थांबा आणि तिथं मॅप उघडा.