कातागामी: साचा वाचायचा कसा आणि पहिली छाप उठवायची कशी

कातागामी म्हणजे कापडावर नक्षी उठवण्यासाठी कोरलेला जपानी कागदी साचा. मिए प्रांतातल्या सुझुका शहराचा शिरोको भाग हे या कामाचं जुनं केंद्र. साचा उजेडासमोर धरा आणि भोकांमधल्या कागदाकडे पाहा. तो कुठेच तुटलेला नसतो, तुटला तर मधला तुकडा गळून पडेल. वर्तुळाची अखंड कड म्हणूनच कोरता येत नाही. ठिपके आणि तुटक रेषांतूनच आकार उभा करावा लागतो. ‘सामे’ म्हणजे शार्कच्या कातडीची नक्षी तर निव्वळ ठिपक्यांची. जवळून कमानीत बसलेले ठिपके दिसतात, चार हात लांबून एकच सपाट रंग! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे हजारो साचे युरोपात गेले. आर्ट नूव्हो या त्याच काळातल्या युरोपीय सजावटशैलीच्या कापडांवरची सपाट, सावली नसलेली फुलं पाहताना हे लक्षात ठेवा.

मूळ कागद कोझोच्या, म्हणजे जपानी कागदी तुतीच्या सालीचा. त्याचे तीन थर तंतू आडवे-उभे ठेवून पर्सिमॉन या फळाच्या तुरट रसाने चिकटवतात आणि धुरी देतात, म्हणून तो भिजला तरी फारसा ताणला जात नाही. पहिल्या साच्याला १५ × २० सेंमी पुरे. चहूबाजूंनी अडीच सेंमी कोरा काठ ठेवा, दोन भोकांमधला कागदाचा जोड २ मिमीपेक्षा बारीक नको. बारीक भोकं आधी कोरा. मोठी आधी कापलीत तर कागद लुळा पडतो आणि पातं सरकतं.

सगळी मेख खळीत आहे: साच्याच्या भोकांतून ती कापडावर बसते आणि तिथे रंग लागू देत नाही. चिकट तांदळाचं पीठ ६० ग्रॅम, चाळलेला तांदळाचा कोंडा ९० ग्रॅम, कोमट पाण्यात घट्ट मळा. मध्ये भोक ठेवून उंडे करा, तासभर वाफवा, गरम असतानाच घोटा. मग मिठाचं पाणी आणि पिवळसर छटा येईपर्यंत चुन्याची निवळी घाला. मीठ ओलावा धरतं: कोरड्या हवेत वाढवा, दमट हवेत कमी करा. मीठ कमी पडलं तर खळ तडकते आणि रंग भेगांतून आत शिरतो.

साचा पाण्यात मऊ भिजवून टिपून घ्या. कोरडा साचा वळतो आणि खळ खाली पसरते. पट्टीने खळ एकसारखी ओढा, साचा अलगद उचला. खळ वाळली की सोयाबीनच्या ताज्या दुधात कालवलेला रंग ब्रशने लावा. कापड काही दिवस मुरू द्या, मग गार पाण्यात बुडवा. खळ आपोआप सुटते. घासलंत तर रंगही निघेल.