कॅम्पसाठी सुरी घेताय? आधी मूठ बघा

साताऱ्यातून जावळी-कोयनेच्या बाजूला मुक्कामी जायचं असेल, तर घडीची सुरी कांदा-टोमॅटोपुरती ठेवा. सरपण फोडायला न मिटणारीच हवी. घेताना पात्याची चकाकी सोडा, मूठ तपासा. पात्याचं पोलाद मुठीच्या पार शेवटापर्यंत गेलेलं दिसलं पाहिजे आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या रिव्हेटने घट्ट बसलेल्या हव्यात. मुठीत नुसती बारीक दांडी खुपसलेली सुरी ठोकाठोकीत तिथेच दगा देते.

पातं 10 ते 12 सेंटिमीटर लांब आणि 4 मिलिमीटरच्या आसपास जाड असलं की पुरे. पाठीवर करवतीचे दाते असलेली सुरी मला अजिबात पटत नाही. सरपण फोडताना पातं लाकडावर ठेवून वरून दांडक्याने ठोकावं लागतं, तेव्हा ते दाते दांडकंच कुरतडतात. पाठ सपाट आणि काटकोनी कडेची असेल, तर फेरो रॉडवर (घासल्यावर ठिणग्या पाडणारी, आग पेटवायची कांडी) ठिणग्याही छान पडतात.

कार्बन स्टीलला धार पटकन लागते, पण घाटमाथ्यावरच्या पावसाळी हवेत ते बघता बघता गंजतं. पुसून खोबरेलाचा हात फिरवायचा कंटाळा असेल, तर सरळ स्टेनलेस घ्या.

ओळखीच्या लोहाराकडून गाडीच्या पाट्याची (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीची) सुरी करून घेतलीत तर उत्तमच. फक्त धारेवर कानस फिरवून बघा. कानस घसरली पाहिजे. सहज चरा पाडत असेल, तर पाणी नीट दिलेलं नाही, म्हणजे पातं तापवून, विझवून पुरेसं कडक केलेलं नाही.

आणि वासोटा किल्ल्याची वाट कोयना अभयारण्यातून जाते. तिथे झाडाला सुरी लावायची नाही, वाळक्या फांदीलाही नाही.