इंटर्नशिपमध्ये या चुका टाळा : तास भरतात, पण काम येत नाही

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार कार्यप्रशिक्षणाला, म्हणजे इंटर्नशिपला, श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले आहेत. एका श्रेयांकाला 30 तास, म्हणजे चार श्रेयांकांना 120 तास, असा हिशेब असतो. रोजचे आठ तास धरले तर हे जेमतेम 15 दिवस होतात. पहिला आठवडा नुसते बघण्यात घालवणे ही चूक म्हणूनच सर्वांत महाग पडते.

त्याआधीची चूक जागा निवडताना होते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील मोठ्या कारखान्याचे नाव प्रमाणपत्रावर हवे म्हणून विद्यार्थी महिनोन्‌महिने थांबतात. उलट जालन्याच्या लोखंडी सळ्या बनवणाऱ्या री-रोलिंग मिलमध्ये किंवा लातूरच्या डाळ मिलमध्ये मालाची आवक, प्रतवारी, यंत्रांची देखभाल आणि विक्री हे सारे एकाच छताखाली पाहता येते. माझ्या मते नवशिक्यासाठी अशी जागा अनेकदा अधिक उपयोगी ठरते.

शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रांपाशी, गेल्यावर मात्र खरी उणीव मोजमापात दिसते. समजा, शाफ्टचा (यंत्रातील गोल दांड्याचा) व्यास 25 मिलिमीटर आहे आणि त्यात फक्त 0.01 मिलिमीटर कमी-जास्त चालते. नेहमीच्या व्हर्निअर कॅलिपरचे लघुत्तम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारा सर्वांत लहान फरक, 0.02 मिलिमीटर असते, त्यामुळे त्याने हा नग पास की रिजेक्ट हे ठरवताच येत नाही. तिथे त्याहून बारीक मोजणारा मायक्रोमीटरच हवा. लेथवरून नुकताच उतरलेला गरम नग लगेच मोजला, तर तेही माप फसवे असते. पोलाद तापले की प्रसरण पावते. 25 मिलिमीटरचा नग 20 अंशांनी अधिक गरम असेल तर त्याचा व्यास सुमारे 0.006 मिलिमीटरने वाढलेला असतो, आणि एवढ्याशा फरकाने निर्णय उलटू शकतो. वर्गात पाठ केलेली ही सूत्रे यंत्रापाशी आठवत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी सुपरवायझरांना विचारावे, "साहेब, हा नग कशाने मोजायचा आणि किती थंड झाल्यावर?" असे विचारण्यात कमीपणा मानू नये. गावाकडून आलेली कितीतरी हुशार मुले संकोचापोटी गप्प राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

दिवसभर झेरॉक्स काढणे किंवा नोंदवहीत आकडे उतरवणे एवढेच काम मिळत असेल, तर शेवटच्या दिवसापर्यंत सहन करू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच एखादे ठरावीक काम मागून घ्यावे, उदाहरणार्थ, एका यंत्रावर रिजेक्ट झालेल्या नगांची आठवडाभराची कारणवार नोंद. तरीही काही बदलले नाही, तर महाविद्यालयातील मार्गदर्शक सरांना किंवा मॅडमना लेखी कळवावे.

इंटरनेटवरून उतरवलेला अहवाल तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो. रोजची डायरी त्याच संध्याकाळी लिहावी : कोणते काम केले, कोणते माप आले, काय चुकले आणि ते कोणी दुरुस्त करून दाखवले. तिच्यावर दर शनिवारी संबंधित अधिकाऱ्यांची सही घ्यावी, कारण शेवटच्या दिवशी ते रजेवर किंवा दुसऱ्या शिफ्टला असू शकतात.