वायफाय फुल, पण नेट बंद: घरच्या कनेक्शनमधली गडबड स्वतः कशी ओळखावी

"फोनवर रेंज फुल दाखवतंय की ओ, मग नेट का चालंना?" जुळे सोलापुरात आमच्या शेजारच्या काकू महिन्यातून एकदा तरी हे विचारतात. वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी कोडी तिथंच सुटतात.

सोलापूरकराला हे समजवायला उजनीचं पाणी पुरतं. घरातली पाइपलाइन धडधाकट आहे, तोट्या नव्या आहेत, पण आज आपल्या भागाची पाळी नसेल तर नळातून हवाच येणार. वायफाय म्हणजे घरातली पाइपलाइन, राउटरपासून फोनपर्यंतची. इंटरनेट म्हणजे बाहेरून येणारं पाणी. फोनवरची रेंज फक्त घरातल्या पाइपलाइनचं सांगते.

आधी डबे ओळखा

खांबावरून घरात आलेली बारीक काळी किंवा पांढरी वायर म्हणजे फायबर. आत केसासारखी काचेची तार असते आणि तिच्यातून वीज नाही, प्रकाश धावतो. ती ज्या डब्यात जाते तो ओएनयू (काही जण ओएनटी म्हणतात, बरेच जण सरळ मोडेम). प्रकाशाचं रूपांतर तो आपल्या उपकरणांना कळेल अशा सिग्नलमध्ये करतो. ते कनेक्शन घरभर वाटतो तो राउटर. हल्ली बहुतेक घरांत दोन्ही कामं एकच डबा करतो. दोन डबे असतील तर त्यांना जोडणारी जाड टोकाची वायर म्हणजे लॅन केबल.

मग दिवे वाचा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच लोक गाळतात. ओएनयूवर 'पॉन' नावाचा दिवा स्थिर हिरवा असेल तर ऑपरेटरशी जोडणी झालेली आहे. तो बराच वेळ लुकलुकत राहिला तर जोडणी पूर्ण होत नाहीये. 'एलओएस' दिवा लाल झाला तर प्रकाश डब्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करून काहीही होत नाही. फायबर कुठे कपाटाखाली दाबली गेलीय का, खिळ्याला घट्ट गुंडाळलीय का, एवढं बघा. काच तीव्र कोनात वाकली की प्रकाश गळतो. वाकलेलं नसेल तर तक्रार नोंदवा. फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

पॉन हिरवा, एलओएस बंद आणि तरीही नेट नाही? मग एकदा रीस्टार्ट करा: दोन्ही डबे बंद, अर्धा मिनिट थांबा, आधी ओएनयू आणि तो स्थिर झाल्यावर राउटर चालू. रीसेटचं बारीक भोक मात्र टोचू नका. त्यानं सगळी सेटिंग पुसली जातात आणि मग ऑपरेटरचा माणूस घरी येईपर्यंत वाट बघावी लागते.

स्पीडचा हिशोब

१०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला आणि डाउनलोड करताना कॉम्प्युटर १२ दाखवतो, म्हणून पुष्कळ जण भांडायला जातात. यात फसवणूक नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि ८ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे १२.५. त्या वेगानं १००० मेगाबाइटची फाइल साधारण ८० सेकंदांत उतरते.

खरा स्पीड बघायचा तर लॅपटॉप लॅन केबलनं जोडून मोजा. प्लॅन २०० चा आणि आकडा ९५ च्या पुढे हलत नाही, असं असेल तर केबल बघा. गीगाबिट वेगाला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तुटली की जोडणी १०० वर घसरते. राउटरचं पोर्टच १०० चं असलं तरी हेच होतं. व्हिडिओ कॉल अडखळत असेल तर 'पिंग' आणि अपलोडचे आकडेही बघा. पिंग म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, जितका कमी तितका चांगला.

राउटर कुठे ठेवाल?

घरच्या बहुतेक राउटरवर वायफायचे दोन पट्टे असतात. २.४ गीगाहर्ट्‌झ लांब पोहोचतो, पण हळू आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरनं गजबजलेला. ५ गीगाहर्ट्‌झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. गावठाणातल्या जुन्या दगडी भिंतींच्या घरात तो पुढच्या खोलीतही नीट मिळत नाही. तिथे लॅन केबल ओढून आतल्या खोलीत दुसरा राउटर बसवणं हाच मला पटलेला उपाय.

आपल्याकडे पाणी रोज येत नाही, म्हणून घराघरात भरलेली पिंपं असतात. पाणी वायफायच्या लहरी शोषतं आणि लोखंडी कपाट त्या अडवतं. राउटर पिंपामागे, कपाटावर किंवा टीव्हीच्या पाठीमागे नको. घराच्या मधोमध, छातीच्या उंचीला, मोकळ्यावर हवा.

पत्ते: आयपी, डीएनएस

वाड्याला दरवाजा एक, आत बिऱ्हाडं दहा. पोस्टमन दारापर्यंत येतो, पुढची वाटणी आतल्या माणसाची. राउटर तो आतला माणूस. बाहेरचा पत्ता (यालाच आयपी म्हणतात) एक आणि घरातल्या प्रत्येक उपकरणाला तो स्वतंत्र पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. ही वाटणी आपोआप करण्याच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ (इंग्रजी आकड्यांत) टाकलं की बहुतेक राउटरचं सेटिंगचं पान उघडतं. नेमका पत्ता डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतो. तिथे पहिलं काम म्हणजे ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदला आणि वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा.

त्याच पानावर 'वॅन'चा, म्हणजे बाहेरच्या जोडणीचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान दिसला, तर ऑपरेटरनं एक बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलाय. रोजच्या वापराला फरक पडत नाही. पण कारखान्यातला कॅमेरा घरून थेट बघायचा असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून उपयोग होणार नाही. स्थिर आयपी मागा किंवा कॅमेऱ्याचं स्वतःचं ॲप वापरा.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा. कॉम्प्युटरवर ८.८.८.८ ला (हा गूगलच्या डीएनएसचा पत्ता) पिंग केल्यावर उत्तर येतंय आणि साइट मात्र उघडत नाही, तर दोष बहुधा डीएनएसचा. राउटरच्या डीएनएस सेटिंगमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा.

तक्रार करताना

"नेट बंद आहे" म्हटलं की पलीकडून "रीस्टार्ट करा" हेच येतं. त्याऐवजी असं सांगा: "एलओएस लाल आहे, सकाळी नऊपासून, फायबर घरात कुठे वाकलेली नाही." किंवा "पॉन हिरवा आहे, केबलनं जोडून २०० च्या प्लॅनला ३० मिळतंय." काकूंनी गेल्या वेळी हे पहिलं वाक्य कागदावर लिहून घेतलं, फोनवर तसंच वाचून दाखवलं, आणि दुपारी माणूस शिडी घेऊन थेट खांबावर चढला.