पर्यावरण विज्ञानाची गोडी लावायची असेल, तर न्यायाच्या प्रश्नापासून सुरुवात करा

प्रदूषणाचे प्रकार, कारणे, उपाय... मुलं पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि विसरतात. पण ‘प्रदूषणाचा हा त्रास नेमका याच वस्तीतल्या लोकांच्या वाट्याला का?’ असं विचारलं, की मागच्या बाकावरची मुलंही बोलू लागतात. पर्यावरणीय न्यायाचा गाभा हाच प्रश्न आहे.

१. व्याख्या बाजूला ठेवा, घटना सांगा. अमेरिकेतलं फ्लिंट शहर घ्या. २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी तिथे नदीचं पाणी नळांना सोडलं. हे पाणी पाइप गंजवणारं होतं आणि गंज रोखणारं रसायन त्यात घातलंच नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरलं. बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय, अनेक जण गरीब. ते गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन तक्रारी करत होते, अधिकारी पाणी सुरक्षित असल्याचं सांगत होते. शेवटी रहिवाशांनी स्वतः नमुने गोळा केले, विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तपासले आणि २०१५ मध्ये शहराला जुन्या स्रोताकडे परतावं लागलं. इथे थांबा आणि विचारा: गंज रोखणारं ते रसायन, म्हणजे फॉस्फेट, घातलं असतं तर पाइपाच्या आत काय झालं असतं? आतून संरक्षक थर कसा बसतो, हे रसायनशास्त्र मुलं आता मन लावून ऐकतील.

२. परिसराचा नकाशा काढायला लावा. कचराभूमी, कारखाने, मोठे रस्ते, झाडं. मग त्यांच्या शेजारी कोण राहतं, ते.

३. मोजता येईल असा एकच प्रश्न निवडा. उदाहरणार्थ, झाडं असलेल्या आणि नसलेल्या वस्तीतलं दुपारचं तापमान. वेळ तीच, जमिनीपासूनची उंची तीच, तापमापी सावलीत. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका.

४. निष्कर्षावर शंका घ्यायला शिकवा. फरक झाडांमुळे, की पत्र्यांच्या छपरांमुळे? कळकळ असली तरी पुरावा कच्चा चालत नाही, हे मुलांना इथेच उमगतं.

एक काळजी मात्र घ्याच. वर्गातली काही मुलं अशाच त्रास सोसणाऱ्या वस्तीत राहत असतील. त्यांना उभं करून ‘तुझा अनुभव सांग’ म्हणू नका. बोलायचं की नाही, हे त्यांना ठरवू द्या.

५. आकडे निर्णय घेणाऱ्यांपर्यंत न्या. एक पानाचं निवेदन, एक आलेख, एक नेमकी मागणी. ते मुलांनीच लिहावं, मुलांनीच नेऊन द्यावं आणि पोच घ्यावी. उत्तर आलं नाही, तर पुढचं पत्र कोणाला लिहायचं हेही वर्गातच ठरवा.