भट्टीवाचून वीट : चुना, रेती आणि राखेच्या कारखान्यात उमेदवारी करणाऱ्यांसाठी

चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्राची धुराडी आमच्या घराच्या गच्चीवरून दिसतात, आणि वारा त्या बाजूने सुटला की दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक करडी राख बसते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यानंतर त्याच राखेच्या विटा पाडणाऱ्या एका लहान कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळण्याची नोकरी धरली. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना सुरुवातीच्या वर्षात जे कोणी सांगत नाही आणि जे मला नुकसान सोसून कळले, ते येथे लिहीत आहे.

मातीची वीट आगीत पक्की होते. आमची वीट पाण्यात पक्की होते, आणि हा फरक डोक्यात नीट बसला की बाकीचे बरेचसे आपोआप समजते. राखेत सिलिका आणि अॅल्युमिना हे घटक काचेसारख्या अस्फटिक रूपात असतात. कोळशाची पूड बॉयलरमध्ये क्षणार्धात जळते, तिच्यातील खनिजे वितळतात आणि वितळलेले थेंब हवेतच थंड होऊन गोल कण तयार होतात, म्हणून ती काच बनते. या काचेला विझवलेला चुना आणि ओल मिळाली की कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचा चिवट पदार्थ हळूहळू तयार होतो. सिमेंटला बळ देणारा मुख्य पदार्थही हाच आहे. मिश्रणात जिप्सम असेल तर चुना, अॅल्युमिना आणि जिप्सम मिळून एट्रिंजाइट नावाचे सुईसारखे स्फटिक पहिल्या काही दिवसांतच उभे राहतात आणि विटेला सुरुवातीची ताकद देतात. राख, चुना व जिप्सम यांच्या या मेळाला फॅल-जी हे नाव विशाखापट्टणमच्या एन. भानुमतीदास आणि एन. कालिदास या दांपत्याने दिले, आणि देशभरातल्या शेकडो लहान कारखान्यांना भट्टी किंवा दाबाची वाफ न वापरता वीट पाडण्याची वाट त्यांच्या कामामुळे मिळाली. या व्यवसायात येणाऱ्याला ही दोन नावे ठाऊक असलीच पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडचे प्रमाण कोरड्या वजनाने असे असते : १,००० किलो मिश्रणात राख ५५० किलो, विझवलेला चुना १५० किलो, जिप्सम ५० किलो आणि रेती किंवा गिट्टी क्रशरची चुरी २५० किलो. तीन किलोची वीट धरली तर एवढ्यात सुमारे ३३० विटा होतात. हे प्रमाण कोणत्याही कारखान्यात फळ्यावर लिहिलेले सापडेल, पण नवीन माणसाने त्यावर डोळे झाकून विसंबू नये. राख तलावातून (केंद्रातली राख पाण्याबरोबर जिथे सोडतात तिथून) आणलेली आणि ओल्या वजनाच्या २० टक्के पाणी असलेली असेल, तर ५५० किलो कोरड्या राखेसाठी सुमारे ६८८ किलो ओली राख घालावी लागते. पाण्याचा हा हिशेब न करता ५५० किलोच ओतले, तर राख कमी पडते आणि पाणी जास्त होते. पावसाळ्यात रेतीचेही तेच. म्हणून रोज सकाळी पहिल्या घाण्याआधी, म्हणजे मिक्सरमध्ये एका वेळी घालायच्या मिश्रणाआधी, राख आणि रेती यांची ओल काढणे हे प्रयोगशाळेचे पहिले काम आहे. त्यासाठी तवा, गॅसची शेगडी आणि बऱ्यापैकी काटा एवढे साहित्य पुरते.

आता चुन्याविषयी, कारण या विटेचे सगळे यश किंवा अपयश माझ्या मते चुन्यावर ठरते. आमच्या भागात वणीजवळच्या राजूरच्या भट्ट्यांचा चुना येतो, कटनीहूनही येतो. भट्टीतून निघते ती कळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. ५६ किलो शुद्ध कळी १८ किलो पाणी घेते आणि ७४ किलो विझवलेला चुना देते. प्रत्यक्षात उष्णतेने बरेच पाणी वाफ होऊन जाते, त्यामुळे पाणी याहून पुष्कळ जास्त लागते. चांगली कळी पाणी पडताच काही मिनिटांत उसळते, टाकीला हात लावता येत नाही इतकी तापते आणि मऊ पिठासारखी फुलते. जास्त भाजलेली कळी मात्र सावकाश विझते. तिचे कडक कण विझायचे राहून विटेत गेले, तर ते पुढे विटेत बसून पाणी घेतात आणि फुगतात, आणि विटेच्या अंगावर फोड येऊन खपल्या उडतात. म्हणून चुना टाकीत किमान एक दिवस मुरू द्यावा आणि मग बारीक चाळणीतून गाळून घ्यावा. चाळणीवर उरलेले खडे पुन्हा घाण्यात टाकण्याचा मोह कोणी करू नये.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात एका पुरवठादाराकडून स्वस्तात चुन्याच्या गोण्या आल्या. कळी विझवणाऱ्या काकांनी दुपारी मला येऊन सांगितले, "मॅडम, हा चुना तापलाच नाही." मी कागदावरचा अहवाल पाहिला, त्यात आकडा चांगला होता, आणि काम सुरू ठेवायला सांगितले. त्या आठवड्यात पडलेल्या सगळ्या विटा अठ्ठावीस दिवसांनंतरही खिळ्याने खरवडता येत होत्या. त्या गोण्या कुठेतरी महिनोन् महिने दमट हवेत पडून राहिल्या होत्या, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा मोठा भाग पुन्हा चुनखडीच झाला होता. चुनखडी राखेशी काहीही करत नाही. ती विटेत नुसती भर म्हणून बसते. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी सोडलेल्या नाहीत. प्रत्येक गाडीतून पाच-सहा ठिकाणचा नमुना घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे. जोरात फसफस झाली की गाडी उतरवायची नाही. त्यानंतर साखरेच्या द्रावणात चुना विरघळवून आम्लाने अनुमापन (टायट्रेशन) करायचे, म्हणजे खरोखर कामाला येणारा चुना किती ते कळते, कारण साखरेच्या पाण्यात मुक्त चुना उतरतो आणि चुनखडी उतरत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षात शिकलेले अनुमापन या एका कामासाठीही शिकल्याचे सार्थक होते. आणि तिसरी गोष्ट, जी कोणत्याही पुस्तकात मिळाली नसती : चुना विझवणाऱ्या माणसाचे म्हणणे त्याच क्षणी ऐकायचे.

कारखान्यातील टाकाऊ पदार्थ चुन्याच्या जागी वापरण्याचे प्रस्ताव तुमच्याकडे सतत येतील, आणि ते चांगलेही असतात, पण प्रत्येक पांढरा गाळ म्हणजे चुना नव्हे. अॅसिटिलिन वायू तयार करणाऱ्या कारखान्यात ६४ किलो कॅल्शियम कार्बाइडपासून वायू निघून गेल्यावर ७४ किलो कॅल्शियम हायड्रॉक्साइड मागे राहते. हा कार्बाइडचा गाळ ताजा असेल तर उत्तम विझवलेला चुनाच असतो. त्यात निम्मे पाणी असेल तर १५० किलो कोरड्या चुन्यासाठी ३०० किलो गाळ तोलावा लागेल, हे मात्र विसरू नये. ताज्या गाळातून थोडा ज्वलनशील वायू निघत राहू शकतो, म्हणून तो बंद खोलीत साठवू नये आणि त्याच्याजवळ विडी पेटवू देऊ नये. कागद कारखान्यातला चुन्याचा गाळ दिसायला तसाच असतो, पण तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो. पुन्हा भाजल्याशिवाय तो विटेला बांधून ठेवू शकत नाही. जिप्समसाठी फॉस्फेट खतांच्या कारखान्यातील फॉस्फोजिप्सम स्वस्त पडते, परंतु त्यातील आम्लता आणि फॉस्फेटचे अवशेष वीट घट्ट होण्याची क्रिया लांबवतात, त्यामुळे ते धुतलेले आहे की नाही याची खात्री करून घ्यावी.

राखेबाबत थोडक्यात सांगते. धुराड्याआधी बसवलेल्या स्थिरविद्युत संग्राहकातून कोरडी राख मिळाली तर ती घ्यावी, कारण ती बारीक आणि क्रियाशील असते. तलावातली राख भरड असते आणि तिच्यात तळराखही, म्हणजे बॉयलरच्या तळाशी पडणारी जाड राखही, मिसळलेली असते. भारतीय मानक ३८१२ च्या पहिल्या भागानुसार ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांहून अधिक राख उरू नये आणि भाजल्यावर वजनात होणारी घट ५ टक्क्यांच्या आत असावी. राख नेहमीपेक्षा काळी दिसली तर त्यात न जळलेला कोळसा जास्त आहे असे समजावे आणि आधी तपासणी करावी.

घाणा लावताना चुना, जिप्सम आणि राख आधी थोड्या पाण्यासह जड चाकांच्या पॅन मिक्सरमध्ये चांगली रगडून घ्यावीत आणि रेती किंवा चुरी शेवटी घालावी. रेती आधी पडली तर चुना रेतीच्या कणांवर लपेटला जातो आणि राखेशी त्याची गाठ नीट पडत नाही, असा माझा अनुभव आहे. पाणी किती, याची परीक्षा हाताने होते : मूठ आवळल्यावर गोळा टिकला पाहिजे, बोटांना पाणी सुटता कामा नये, आणि गोळा मोडला तर दोन-तीन तुकड्यांत मोडला पाहिजे. ही परीक्षा आठवड्याभरात हाताला कळते. त्यानंतर हायड्रॉलिक प्रेसमधून २३० × ११० × ७० मिलिमीटरची वीट पडते. साच्याच्या पट्ट्या झिजल्या की विटेची मापे आणि कडा बिघडतात, म्हणून रोज वीस विटा ओळीने मांडून टेपने लांबी मोजावी.

यानंतर सुरू होते ते काम सर्वांना सोपे वाटते आणि त्यातच सर्वाधिक वीट बिघडते. ताजी वीट फळीवर एक-दोन दिवस सावलीत राहते, मग तिची थप्पी लागते आणि पुढे किमान दोन ते तीन आठवडे तिला ओलावा द्यावा लागतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. ऊब ही क्रिया वेगाने घडवते, त्यामुळे उन्हाळा आमचा मित्र असायला हवा. पण वीट सुकली की क्रिया तिथेच थांबते, आणि उघड्यावरची थप्पी दुपारच्या एका तासात सुकते. ओली गोणपाटे आणि त्यावर प्लास्टिक टाकले तर तीच ऊब कामाला येते. डिसेंबर-जानेवारीत उलटे होते : ओल टिकते, पण थंडीमुळे ताकद सावकाश चढते, म्हणून त्या दिवसांत माल आठवडाभर उशिरा सोडावा. गिऱ्हाईक दारात ट्रक घेऊन उभे असताना हे सांगणे अवघड असते. तरीही चौदा दिवसांची वीट गाडीत भरू देऊ नये, कारण तशी ओली वीट भिंतीत बसल्यावर आकसते आणि गिलाव्याला भेगा पडतात, आणि मग दोष राखेच्या विटेच्या नावावर कायमचा जमा होतो.

चाचणीसाठी भारतीय मानक १२८९४ (राख-चुन्याच्या विटेचे) आणि ३४९५ (विटांच्या चाचणी पद्धतींचे) ही दोन्ही जवळ ठेवावीत. ७.५ वर्गाच्या विटेने प्रत्येक चौरस मिलिमीटरवर ७.५ न्यूटन दाब सोसायला हवा. २३० × ११० च्या पृष्ठभागाचा हिशेब केला तर तो जवळजवळ १९ टन भार होतो. पाणी शोषण्याची मर्यादा वजनाच्या २० टक्के आहे. ओव्हनमध्ये वाळवलेली वीट २,९०० ग्रॅम भरली आणि चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर ३,३८० ग्रॅम झाली, तर शोषण सुमारे साडेसोळा टक्के. थप्पीच्या बाहेरच्या रांगेतील चांगल्या विटा निवडून चाचणीला नेण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. नमुना थप्पीच्या सर्व भागांतून घ्यावा, नाहीतर चाचणीला अर्थच उरत नाही.

चुना आणि रेतीची याहून जुनी वीट म्हणजे उच्च दाबाच्या वाफेत शिजवलेली. विल्हेल्म मिखाएलिस यांनी जर्मनीत १८८० मध्ये तिचे पेटंट घेतले. साधी रेती नेहमीच्या तापमानाला चुन्याला दाद देत नाही, पण ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या बंद टाकीत, पावणेदोनशे ते दोनशे अंशांच्या वाफेत काही तासांतच क्रिया पूर्ण होते. मोठ्या कारखान्यात नोकरी मिळाली तर हे तंत्र शिकावे. लहान उद्योजकाला ते यंत्र आणि इंधन परवडत नाही.

अलीकडे अनेक कारखानदार चुना सोडून सिमेंट वापरतात, कारण सिमेंट गोणीतून थेट घालता येते, टाकी लागत नाही आणि माल लवकर सुटतो. ती वीट वाईट नाही, तिचे वेगळे मानकही आहे. परंतु राख जास्तीत जास्त वापरायची असेल तर चुन्याची वाट मला अजूनही अधिक योग्य वाटते. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेपासून राखेच्या वापराची सक्ती वाढत गेली, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांवर १०० टक्के राख वापरात आणण्याची जबाबदारी टाकली. दुसरीकडे मातीच्या हजार विटांसाठी तीन टनांहून अधिक माती शेतातून उचलली जाते. आमच्या गावाकडच्या काळ्या जमिनीचा वरचा थर असा जाताना मी पाहिला आहे, म्हणून हे काम मला नुसती नोकरी वाटत नाही.

ज्यांना या क्षेत्रात यायचे आहे त्यांनी स्थापत्य पदविका, रसायनशास्त्राची पदवी किंवा आयटीआयचे फिटरचे प्रशिक्षण यांपैकी काहीही असले तरी पहिल्या तीन महिन्यांत प्रत्येक जागी आठ-आठ दिवस उभे राहावे : चुन्याची टाकी, मिक्सर, प्रेस, थप्पी आणि शेवटी बांधकामाची जागा. गवंड्याला ही वीट मातीच्या विटेसारखी तासन् तास भिजवायची नसते, नुसते पाणी शिंपडायचे असते, हे तुम्हीच जाऊन सांगितले नाही तर कोणी सांगत नाही. स्वतःचा कारखाना काढण्याआधी कुणाकडे तरी एक पूर्ण वर्ष काम करावे, म्हणजे उन्हाळा, पावसाळा आणि थंडी या तिन्ही ऋतूंतला माल पाहून होतो. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर चांगला मुखपट्टा लावल्याशिवाय टाकीजवळ जाऊ नये. राखेची आणि चुरीची धूळ फुप्फुसात साठते, आणि चुन्याचा एक शिंतोडा डोळा घालवू शकतो. तसे झालेच तर दुसरे काहीही न शोधता डोळा वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धरावा आणि मग दवाखान्यात जावे. आमच्या टाकीशेजारी त्यासाठी वेगळा नळ आहे, आणि नवीन माणूस कामावर आला की मी त्याला सर्वांत आधी तो नळ दाखवते.