कॉमिक्सवरून सुपरहिरो चित्रपट: या चुका टाळा

चाहते चिडले की निर्मात्यांचं ठरलेलं उत्तर असतं: यांना कॉमिक्समधली चौकट न् चौकट पडद्यावर हवी असते. मग 'एक्स-मेन' कॉमिक्समधल्या पंजेवाल्या वुल्व्हरिनचं काय? कॉमिक्समध्ये तो जेमतेम 5 फूट 3 इंचांचा, आणि पडद्यावर तो झालेला ह्यू जॅकमन सहा फुटांच्या वर. पिवळा पोशाख जाऊन काळं लेदर आलं. तरी 2000 पासून लोकांनी त्यालाच वुल्व्हरिन मानलं, कारण त्याचा तिरसटपणा आणि एकटेपणा शाबूत होता.

उलट 2009 मध्ये 'एक्स-मेन ओरिजिन्स: वुल्व्हरिन'ने डेडपूलचं तोंडच शिवून टाकलं. ज्याची सगळी ओळख बडबडीवर, तो मुका! 2016 च्या 'डेडपूल'मध्ये तोच नट, रायन रेनॉल्ड्स, मोकळ्या तोंडाने परतला. खर्च सुमारे 5.8 कोटी डॉलर, म्हणजे या प्रकारात चिल्लर. जगभरातली कमाई 75 कोटी डॉलरच्या पुढे.

म्हणून पटकथेला हात लावण्याआधी दोन याद्या करा. पहिलीत हलवायच्या नाहीत अशा चार-पाच गोष्टी, त्याहून जास्त नकोत. दुसरीत बदलल्या तरी चालतील अशा. स्पायडरमॅनच्या यादीत बेनकाकांच्या मृत्यूची टोचणी आणि पैशांची चणचण येते. जाळं फेकण्याचं यंत्र दुसऱ्या यादीत जातं. 2002 च्या चित्रपटात जाळं थेट मनगटातून निघालं, त्यावर कुरकुर झाली, पण टोचणी जागेवर असल्याने चित्रपट चालला. आयर्नमॅनची कैद व्हिएतनामहून अफगाणिस्तानात गेली, तेही चाललं. शस्त्रं विकणारा माणूस कैदेत जीव वाचवायला चिलखत घडवतो, एवढं टिकलं की पुरे.

नट ठरल्यावर उठणारा गदारोळ मनावर घेऊ नका. 1989 च्या बॅटमॅनसाठी मायकेल कीटनला घेतलं तेव्हा निषेधाची हजारो पत्रं आली होती. 'तो असा दिसत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा विरते. 'तो असं वागणार नाही' ही तक्रार आली, तर मात्र पहिली यादी पुन्हा काढा.

सगळ्यात महागात पडते ती घाई. 'एक्स-मेन'मधली जीन ग्रे 1963 पासून कॉमिक्समध्ये होती, तिची शक्ती अनावर होऊन ती विनाशक बनते ती डार्क फीनिक्सची कथा आली 1980 मध्ये. वाचकांना ती घरातली वाटत होती. 2006 च्या 'एक्स-मेन' चित्रपटात ही कथा म्युटंटांवरच्या, म्हणजे जन्मतः वेगळ्या शक्ती असलेल्या माणसांवरच्या, औषधाच्या दुसऱ्या कथानकाबरोबर पावणेदोन तासांत कोंबली. 2019 मध्ये पुन्हा तीच कथा, आणि ही नवी जीन प्रेक्षकांना भेटून एकच चित्रपट झालेला. सुपरमॅनचंही तसंच. 1938 पासूनचा नायक कॉमिक्समध्ये मेला 1992 मध्ये. हेन्री कॅव्हिलच्या सुपरमॅनला दुसऱ्याच चित्रपटात मारलं, तेही बॅटमॅनशी भांडण उरकून. रडायला आधी नातं लागतं. तेवढा वेळ हाताशी नसेल, तर छोटी कथा निवडा.

खलनायकांची गर्दी हाही नेहमीचा घोटाळा. प्रत्येकापुढे एक ओळ लिहा: हा नायकाच्या कोणत्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो? दोघांचं उत्तर एकच आलं, तर एकाला काढा. बॅटमॅनच्या 'द डार्क नाइट'मध्येही दोघे खलनायक आहेत, पण टू-फेस जोकरच्याच कारस्थानातून घडतो. 2007 च्या 'स्पायडरमॅन 3'मध्ये व्हेनम हा आणखी एक खलनायक निर्मात्याच्या आग्रहाने आला, आणि ते दिसतं.

कॉमिक्सची लाजही बाळगू नका. 2007 च्या 'फँटास्टिक फोर' चित्रपटात ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसचा नुसता ढग केला. 2014 च्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'मधला बोलणारा रॅकून आणि एकच वाक्य बोलणारं झाड लोकांनी डोक्यावर घेतलं.

राहिली शेवटच्या क्षणी केलेली डागडुजी. 2017 च्या 'जस्टिस लीग'चं पुन्हा चित्रीकरण झालं तेव्हा कॅव्हिलला दुसऱ्या चित्रपटासाठी राखलेली मिशी काढता येईना. ती संगणकावर पुसली. चित्रपट सुरू होतो तोच सुपरमॅनच्या मोबाइल चित्रणाने, आणि सुपरमॅन काय सांगतोय ते राहिलं बाजूला, थिएटरभर सगळे त्याचा वरचा ओठ न्याहाळत बसले.